तोफांनी राखलेली मैदानं

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की कर्नलसाहेब लढाया सोडून बागबगीच्यांकडे वळले. तसं नाही. आज आपण शहरातल्या मोकळ्या जागांविषयी बोलणार आहोत, मैदानांविषयी, पण सुरुवात होते ती लढाईपासूनच. आणि आपल्याला जरा गंमत वाटेल अशा ठिकाणापासून. मराठ्यांच्या भीतीनं इंग्रजांनी खणलेल्या दोन खंदकांपासून.

पहिला खंदक मुंबईचा. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. वसईहून मुंबई किती लांब? तेव्हाच्या हिशोबानं खाडी ओलांडली की आलीच. मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती, पण खंदक नव्हता. वसईची बातमी आली आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी आपणहून तीस हजार रुपये वर्गणी काढली. म्हणाले, खंदक खणा. व्यापारी माणूस आपणहून सरकारला पैसे देतो, तेव्हा त्याला किती घाम फुटला असेल याची कल्पना करा!

दुसरा खंदक कलकत्त्याचा. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले. बंगाली माणूस आजही ज्यांना 'बर्गी' म्हणतो ते हे आपले बारगीर. त्या आठवणी तिकडे काही चांगल्या नाहीत, आणि आपण मराठी लोकांनी ते मोकळेपणानं मान्य करावं. कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे काही आले नाहीत, काम थांबलं. पुढं 1799 मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. आज कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवरून बसनं जाता ना, त्या रस्त्याची जन्मकथा ही अशी आहे.

हे दोन्ही खंदक आता नाहीत. पण किल्ल्यासमोरची जमीन मोकळी ठेवायची, तिथं कुणाला घर बांधू द्यायचं नाही, ही जी गोष्ट याच काळात आणि याच धाकातून घडत गेली, ती मात्र राहिली. मुंबईचं ओव्हल मैदान, आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि कलकत्त्याचं ते प्रचंड 'मैदान' ही त्याची उरलेली खूण आहे. या जागा कुणी लोकांना हवा खायला मिळावी म्हणून सोडलेल्या नाहीत. त्या तोफेसाठी सोडलेल्या आहेत.

यात सैनिकी भाग काय आहे तो थोडक्यात सांगतो. किल्ल्यावरून मारा करायचा तर समोरचं सगळं दिसलं पाहिजे. शत्रू ज्या घराच्या, झाडाच्या, टेकाडाच्या आडोशाला बसू शकतो, ती जागा तोफेच्या दृष्टीनं मेलेली. आम्ही तिला डेड ग्राउंड म्हणतो. म्हणून तटापासून तोफेचा टप्पा पोचतो तिथपर्यंत जमीन साफ ठेवायची. झाड नको, घर नको, भिंत नको. हा नियम पाळला नाही की काय होतं ते 1756 च्या जूनमध्ये कलकत्त्यानं पाहिलं.

तेव्हाचा फोर्ट विल्यम आजच्या जागी नव्हता. तो उत्तरेला, आज जिथं जनरल पोस्ट ऑफिस आहे त्या भागात होता. शांततेची वर्षं गेली तशी कंपनीच्या साहेबांनी किल्ल्याला लागूनच मोठमोठे बंगले बांधले. एक चर्चसुद्धा बांधलं. दक्षिणेच्या तटाला तर चक्क गोदामं चिकटवली, त्यामुळं बुरुजांवरून तटाच्या कडेनं मारा करणंच अशक्य झालं. सिराजउद्दौल्याची फौज आली. तिला उत्तरेकडं, बागबाजारच्या बाजूला अडवलं, तर ती पूर्वेकडून शहरात शिरली. अर्धवट मराठा खंदकानं तिला रोखलं नाही. मग नवाबाच्या लोकांनी काय केलं? साहेबांचेच उंच बंगले ताब्यात घेतले आणि त्यांच्या गच्चीवरून किल्ल्यात गोळ्या घातल्या. 20 जूनला किल्ला पडला. स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरांनी घात केला.

पुढच्या वर्षी प्लासी झाली, कंपनीचे दिवस पालटले आणि 1758 मध्ये नवा किल्ला बांधायला घेतला. या वेळी धडा पक्का लक्षात होता. जागा निवडली दक्षिणेकडची, गोविंदपूर गावाची. गाव उठवलं. शेठ आणि बसाक ही कापडाच्या व्यापारातली घराणी बडाबाजारकडं गेली, ठाकुरांचं घराणं पाथुरियाघाट्याला गेलं. होय, तेच ठाकूर, रवींद्रनाथांचे पूर्वज. त्यांना भरपाई मिळाली. जे झोपडीत राहत होते त्यांना किती आणि काय मिळालं याच्या कथा कुणी लिहून ठेवल्या नाहीत. मी हे मुद्दाम सांगतो, कारण सुंदर हिरव्या मैदानाचा फोटो पाहताना आपण विसरतो की त्याच्या खाली एक गाव आहे.

गावापलीकडचं जंगल तोडलं. अष्टकोनी किल्ला उभा राहिला, त्याला साधारण वीस लाख पौंड खर्च आला आणि 1781 च्या सुमारास तो पुरा झाला. त्याच्या भोवती सुमारे एक हजार एकर जमीन मोकळी ठेवली. आणि विनोद पहा. एवढा खर्च करून बांधलेल्या या किल्ल्यावरून शत्रूवर एकही तोफ आजवर डागली गेलेली नाही. म्हणजे लष्करी दृष्टीनं ते हजार एकर कधी वापरलेच नाहीत. वापरले ते गाई-बकऱ्यांनी, घोड्यांनी, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी आणि संध्याकाळी हातात हात घालून फिरणाऱ्या जोडप्यांनी.

मद्रासकडंही असंच घडलं. 1746 मध्ये फ्रेंचांनी सेंट जॉर्ज किल्ला घेतला, पुढं परत वेढा पडला, आणि इंग्रजांनी तटाला टेकलेली जुनी वस्ती साफ करून समोर एस्प्लनेड काढला. त्याची हद्द दाखवायला 1773 साली खांब रोवले. यापुढं बांधायचं नाही, अशी ती खूण. त्यातला एक खांब पॅरीज कॉर्नरला डेअर हाउसपाशी अजून उभा आहे. चेन्नईच्या मराठी मंडळींनी जाता-येता जरूर पाहावा. खांब आहे, पण ज्याच्या रक्षणासाठी तो रोवला ते मैदान मात्र बरंचसं गेलं. मद्रास हायकोर्टाची ती लालभडक देखणी इमारत 1892 ची, ती त्याच मोकळ्या जागेवर आहे.

मुंबईत हे टप्प्याटप्प्यानं झालं. आधी थोडी जागा, मग आणखी थोडी. 1803 च्या फेब्रुवारीत कोटाच्या आत भयंकर आग लागली आणि गावाचा मोठा भाग जळाला. सरकारला ही संधीच वाटली. लोकांना बाहेर उत्तरेकडं वसवलं आणि किल्ल्यासमोरचं मैदान वाढवत वाढवत हजार यार्डांपर्यंत नेलं. मग साठ वर्षांनी सगळं उलटं झालं. 1862 मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला. तो म्हणाला, आता कोण येणार आहे मुंबईवर चालून? तट पाडा. अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट, सगळे दरवाजे गेले. चर्चगेट स्टेशनात रोज लाखो लोक उतरतात, त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की हे एका पाडलेल्या दरवाजाचं नाव आहे?

तट पाडला तर तोफेच्या टप्प्याची गरजही संपली. जमीन मोक्याची, कापसाच्या पैशानं मुंबई तेव्हा वेडी झालेली. जमिनीचे तुकडे विकून सरकारी इमारतींसाठी पैसा उभा केला गेला. सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट या सगळ्या इमारती एका रांगेत, समुद्राकडं तोंड करून उभ्या राहिल्या. पण त्या रांगेसमोरचा पट्टा मोकळा ठेवला. तोच आजचं ओव्हल. बाकीचं रस्त्यांनी कापलं गेलं आणि त्याचे तुकडे झाले: आझाद, क्रॉस, कूपरेज. पुढं 1930 च्या दशकात बॅकबेची भर घातलेली जमीन आली आणि ओव्हलच्या पलीकडं आर्ट डेकोच्या इमारती उभ्या राहिल्या. एका बाजूला गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, मध्ये क्रिकेट. 2018 मध्ये युनेस्कोनं याला जागतिक वारसा ठरवलं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मैदान मोकळं आहे याचा अर्थ ते सगळ्यांचं आहे असा होत नाही. 1880 च्या आगेमागे मुंबईच्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत. जवळच गोऱ्या साहेबांची जिमखान्याची मंडळी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पोलो खेळायला येत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची माती उखडायची. ज्यानं कधी मातीच्या विकेटवर फलंदाजी केली आहे त्याला हे दुःख कळेल. टाप उमटलेल्या खड्ड्यावर पडलेला चेंडू दात पाडतो. शेकडो खेळाडूंनी सह्या करून 1881 मध्ये सरकारकडं अर्ज केला. म्हणणं साधं होतं. साहेबांचं स्वतःचं राखीव मैदान आहे, आमच्याकडं एवढंच. पोलो दुसरीकडं न्या. गव्हर्नरनं पोलो कूपरेजला हलवला, आणि पुढं दबाव येताच परत आणला! शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी खेळाडूनं या लढ्याचा सगळा इतिहास 1897 मध्ये पुस्तक छापून नोंदवून ठेवला. एका मैदानासाठी पुस्तक. मला तो माणूस फार आवडतो. पुढं मरीन लाइन्सला समुद्राकाठी पारशी, इस्लाम, हिंदू अशा जिमखान्यांना वेगळ्या जागा मिळाल्या, त्यामागं हेच भांडण होतं.

कलकत्त्याच्या मैदानावर याचा निकाल वेगळ्या रीतीनं लागला. 29 जुलै 1911. आय.एफ.ए. शील्डचा अंतिम सामना. एका बाजूला मोहन बागान, त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणी. दुसऱ्या बाजूला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, पायात बूट. निकाल 2–1, मोहन बागान. मी सैनिक आहे, कुठल्याही पलटणीचा संघ हरला की मला थोडं वाईट वाटतंच. पण या निकालाचं नाही वाटत.

आता माझा स्वतःचा थोडा संबंध सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा नीट पोचणार नाही. नोकरीच्या मधल्या काळात मेजर असताना माझी बदली फोर्ट विल्यमला झाली. पूर्व कमानचं मुख्यालय तिथं आहे. 1971 चं बांगलादेश युद्ध जनरल अरोरांनी तिथूनच लढवलं. आणि बाहेरच्या मैदानाची जमीन सैन्याच्या ताब्यात. क्लबांचे तंबू, सभा, जत्रा, सर्कस, मुलांच्या स्पर्धा, प्रत्येकासाठी परवानगी. त्या कागदांचा काही भाग काही महिने माझ्या टेबलावरून जात असे.

एकदा एका छोट्या क्लबाचा अर्ज आला. कलकत्त्यात मैदानावरच्या क्लबघराला 'टेंट'च म्हणतात, म्हणजे तंबू, मग तो पत्र्याचा आणि लाकडाचा का असेना. या मंडळींचं म्हणणं, पावसात पत्रा गळतो, आम्हाला एक खोली पक्की बांधू द्या. फक्त एक. दहा बाय बारा. मला ते रास्त वाटलं. मुलांचे बूट, जाळ्या, औषधाची पेटी भिजते, तर काय हरकत आहे? मी तशी शिफारस लिहायला घेतली. समोर हेडक्लार्क उभे होते, जुने सुभेदार, त्या कचेरीत माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं काढलेले. ते म्हणाले, "साहेब, खिळा चालतो, वीट चालत नाही." मी विचारलं, का? तर म्हणाले, "खिळा संध्याकाळी काढता येतो. वीट काढायला पुढच्या साहेबाला कोर्टात जावं लागेल."

मी शिफारस फाडली आणि नकार लिहिला. त्या क्लबाच्या सचिवांचा चेहरा मला अजून आठवतो. वयस्कर गृहस्थ, धोतर नेसलेले, छत्री काखेत. भांडले नाहीत. फक्त म्हणाले की मुलांना न्यूमोनिया झाला तर सैन्य येईल का बघायला? माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण ते हजार एकर जे काही शिल्लक आहे ते अशा हजारो नकारांमुळं शिल्लक आहे, हेही खरंच. दयाळू माणसांच्या हातात ते मैदान असतं तर एकेका रास्त कारणानं, एकेका दहा बाय बाराच्या खोलीनं ते कधीच संपलं असतं.

सैन्य यात फार पुण्यवान आहे असं मी म्हणत नाही. मैदानातून जागा गेलीच आहे. व्हिक्टोरिया मेमोरियल, रेसकोर्स, ईडन गार्डन आहेच. 1992 मध्ये विद्यासागर सेतू झाला तेव्हा त्याच्या रस्त्यांनी लचका तोडला. मेट्रोनं पोटातून बोगदा नेला. ब्रिगेड परेड ग्राउंडवर राजकीय सभांनी गवत तुडवलं जातं. त्यातल्या काही सभा मात्र हव्याच होत्या. 6 फेब्रुवारी 1972 ला इंदिराजी आणि शेख मुजीब तिथं एकत्र उभे राहिले, तेवढी माणसं मावेल अशी दुसरी जागा कुठं होती? कलकत्त्याचा पुस्तकमेळा 1976 पासून मैदानावर भरत असे, तो प्रदूषणाच्या मुद्द्यावर हायकोर्टात प्रकरण गेल्यावर 2007 मध्ये तिथून हलला. पुस्तकवेडे बंगाली त्या वेळी फार चिडले होते. माझं मतही तेव्हा त्यांच्यासारखंच होतं. आता इतकं ठाम राहिलेलं नाही. मेळा बारा दिवसांचा, गवत उगवायला किती महिने लागतात ते माळ्याला विचारा.

या किल्ल्याची एक ताजी बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. फोर्ट विल्यमचं नाव आता विजयदुर्ग झालं आहे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आपल्या विजयदुर्गावरून. 2025 च्या फेब्रुवारीत ते जाहीर झालं. सेंट जॉर्ज गेटचं नाव शिवाजी गेट. ज्या शहरानं मराठ्यांना अडवायला खंदक खणला, तिथल्या किल्ल्याच्या दारावर आज शिवाजी महाराजांचं नाव आहे. मी काही टिप्पणी करत नाही, आपापल्या परीनं हसा किंवा अभिमान बाळगा.

आता प्रश्न असा. तोफा गेल्या. मग तोफेच्या जागी नकार द्यायला कोण? म्हणजे मुळात खेळण्यासाठीच म्हणून राखलेली जागा कशी टिकते?

आपल्या लोकांसाठी, लोकांनी वापरावं म्हणूनच केलेल्या जागा तशा आधीपासून होत्या. बडोद्याचं कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, 1879 चं. सयाजीराव तेव्हा अजून अल्पवयीन होते, कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. पण तिथं राजाचा शब्द हाच नकार होता. इंदूरला 1918 मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानानं होळकर सरकारला दोन खंडांचा अहवाल दिला. हा माणूस मोठा विलक्षण. प्लेगनं गाव गांजलेलं, तर यानं दिवाळीत मिरवणूक काढली, त्यात भला मोठा उंदीर जाळला आणि सांगितलं की जे रस्ते स्वच्छ असतील तिथूनच मिरवणूक जाईल. लोकांनी घरं झाडली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या भरल्या. गेडिसचं म्हणणं असं की जुन्या वस्तीवर नांगर फिरवून रुंद रस्ते काढू नका. पडकं घर, ओसाड परसू, विहिरीकाठची जागा हुडका, तिथं झाड लावा, पार बांधा. हजार एकरांच्या मैदानाच्या अगदी उलट विचार, आणि मला वाटतं लहान गावाला तोच जास्त लागू पडतो.

पण नियोजनातून जन्मलेलं आणि टिकलेलं मैदान म्हणाल तर माझ्या डोळ्यासमोर पहिलं येतं शिवाजी पार्क. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यानं दादर-माटुंग्याला नवी वस्ती आखली. त्याच विस्ताराच्या काळात 1925 मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुलं झालं. 1927 मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरून त्याला शिवाजी पार्क हे नाव दिलं. तिथं कुणी तोफ लावलेली नव्हती. तरी ते टिकलं. का? कारण भोवती चारही बाजूंनी खिडक्या आहेत. आणि घेराचा कट्टा. त्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ माणसं बसलेली असतात. तिथं कुणी एक खांब रोवायला लागला तर अर्ध्या तासात पन्नास आजोबा विचारायला येतील. सभा, मेळावे यांच्या आवाजावर रहिवासी कोर्टात गेले आणि 2010 मध्ये ते शांतता क्षेत्र ठरलं. ओव्हलची निगाही गेली कितीतरी वर्षं आसपासच्या रहिवाशांनी भांडून, कोर्टात जाऊन मिळवली.

बंगळूरचा एक खटला या बाबतीत प्रत्येकानं माहीत करून घ्यावा असा आहे. राजमहाल विलास विस्तारात आराखड्यानुसार उद्यानासाठी राखलेला एक भूखंड होता. वरून आदेश आला आणि तो एका खासगी रुग्णालयासाठी देऊन टाकला. रुग्णालय म्हणजे काही वाईट गोष्ट नव्हे. रहिवासी कोर्टात गेले. कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 1991 मध्ये निकाल लागला: उद्यानासाठी राखलेली जागा अशी वळवता येणार नाही, आणि अशा जागेसाठी दाद मागण्याचा हक्क शेजारच्या सामान्य रहिवाशालाही आहे. हा निकाल वाचताना मला सुभेदारसाहेब आठवले. खिळा चालतो, वीट चालत नाही.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी आणखी एक. आपल्याकडं 1966 चा नगररचना कायदा आहे. विकास आराखड्यात एखादी जागा हिरव्या रंगानं 'खेळाचे मैदान' म्हणून दाखवली म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं. नाही. जमीन खासगी असेल तर नगरपालिकेनं ती ताब्यात घ्यावी लागते. दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द. कलम 127. मालकाची बाजूही चुकीची नाही; त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवणार? म्हणून केवळ नकाशावर रंग असून भागत नाही. केंद्राची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की शहरात माणशी दहा-बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी. आपल्या गावाचा हिशोब करून बघा, कागद-पेन्सिल घेऊन. फार वेळ लागणार नाही, जागा मोजायला फार नसते.

मी हा हिशोब का करायला लागलो ते सांगून थांबतो. निवृत्तीनंतर आम्ही ज्या गावात घर घेतलं, त्या वसाहतीत एक मैदान आहे. राहायला आलो तेव्हा सवयीनं पावलांनी मोजलं होतं. लांबी एकशेचाळीस पावलं, रुंदी नव्वद. मग एका कोपऱ्यात पाण्याची टाकी झाली. पाणी हवंच, कोण नाही म्हणणार? मग ज्येष्ठ नागरिकांसाठी भवन झालं. मीही ज्येष्ठ आहे, तिथं कॅरम खेळतो. मग कडेनं फरशीचा चालण्याचा रस्ता आला आणि उघड्यावरची व्यायामाची यंत्रं. गेल्या महिन्यात परत मोजलं. रुंदी बासष्ट. या प्रत्येक वेळी मी तिथं होतो, आणि एकदाही हरकत घेतली नाही. फोर्ट विल्यममध्ये परक्या माणसाला नकार लिहिणं सोपं होतं. इथं ज्यांना नकार द्यायचा ते रोज सकाळी माझ्याबरोबर चहा पितात.

आता तिथं वाचनालय आणि सभागृह बांधायचा प्रस्ताव आहे, आणि त्यासाठी मैदानाच्या आरक्षणात फेरबदलाची सूचना निघाली आहे. हरकतीसाठी एक महिना असतो. वाचनालय! मी आयुष्यभर पुस्तकं वाचणारा माणूस, आणि वाचनालयाविरुद्ध हरकत लिहून दिली आहे. दोन पानं. माझ्याखाली अकरा सह्या आहेत. त्यातल्या सात सह्या संध्याकाळी तिथं क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या आयांच्या. चहाच्या टोळक्यातली फक्त एक.

सुनावणीची तारीख अजून यायची आहे. तोवर मुलं बासष्ट पावलांत खेळतायत, आणि ऑफ साइडला मारलेला चेंडू टाकीच्या भिंतीला लागला की दोन धावा, असा त्यांनी नियम केला आहे.

पुढच्या भागात आपण सिकंदराबादच्या छावणीकडं वळू. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.